कथेचें तात्पर्य आणि कथेंतील माणूस

लघुकथेचें परीक्षण करण्याची एक ठराविक रीत आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. प्रथम कथानक चार ओळींत सांगावयाचें, मग पात्रांचे गुणदोष मोजावयाचे, आणि शेवटीं कथेपासून काय बोध मिळतो तें सांगून लेखणी खालीं ठेवावयाची. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही रीत दिसली तर नवल नाहीं. परंतु जाणत्या वाचकांच्या बोलण्यांतहि ती डोकावूं लागते तेव्हां आम्हांस थोडें थांबून विचार करावासा वाटतो. कथानक, स्वभावचित्रण आणि आशय हीं कथेचीं तीन अंगें आहेत हें खरें. पण अंगें निराळीं दाखवितां येतात म्हणून तीं निराळीं जगतात असें नव्हे. शिवाय या रीतींत एक मोठा धोका आहे. तात्पर्य एकदां हातीं लागलें कीं वाचक कथेंतील माणसाचें ऐकणें सोडून देतो. हा धोका किती खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं तीन विख्यात कथा निवडल्या आहेत: मोपासाँची 'रत्नहार', चेकॉव्हची 'तोस्का' आणि रवींद्रनाथांची 'काबुलीवाला'. १८८४ ते १८९२ या आठ वर्षांच्या अवधींत तीन निरनिराळ्या भाषांत त्या लिहिल्या गेल्या. आणि तिन्ही प्रथम वृत्तपत्राच्या किंवा मासिकाच्या सामान्य वाचकांपुढें आल्या.

मोपासाँच्या कथेपासून प्रारंभ करूं. १८८४ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या 'ल गोल्वा' या दैनिकांत ती प्रसिद्ध झाली. शिक्षणखात्यांतील एका कारकुनाची बायको माथिल्ड ही रूपानें देखणी, पण आपल्या गरिबीवर मनांतून रुसलेली. मंत्र्यांच्या घरच्या समारंभाचें निमंत्रण येतें. नवरा ल्वाझेल बंदुकीसाठीं साठविलेले ४०० फ्रँक तिच्या पोषाखासाठीं देऊन टाकतो, आणि दागिना हवा म्हणून ती मादाम फोरेस्तिए या श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. त्या रात्रीं तिच्या रूपाचें सर्वत्र कौतुक होतें. घरीं येऊन पाहते तों गळ्यांत हार नाहीं. तसाच दुसरा हार ३६,००० फ्रँकांस विकत घेऊन तीं दोघें तो परत करतात, दहा वर्षें कर्ज फेडतात, आणि अखेर मैत्रिणीच्याच तोंडून माथिल्डला कळतें कीं मूळ हार खोट्या हिऱ्यांचा, फार तर ५०० फ्रँक किंमतीचा होता.

या कथेचें तात्पर्य कोणासहि विचारावें. अंथरूण पाहून पाय पसरावे, हेंच उत्तर बहुधा मिळेल. बाईला नटण्याची हौस होती, तिला तिचें फळ मिळालें. हें तात्पर्य नीटनेटकें आहे, पाठ करण्यास सोपें आहे; परंतु कथेशीं तें जुळत नाहीं असें आमचें मत आहे. कारण कथानकाला खरें वळण मिळतें तें हार हरवण्यानें नव्हे. हरवणें हा अपघात. तो कोणाच्याहि वांट्यास येऊं शकतो. वळण मिळतें तें त्यानंतरच्या एका चिठ्ठींत. हाराचा फासा तुटला असून तो दुरुस्तीस दिला आहे, असें मैत्रिणीस लिहून कळवावयाचें ठरतें, आणि तेथून पुढच्या दहा वर्षांची दिशा निश्चित होते. त्या घटकेस खरें सांगितलें असतें तर नुकसान ५०० फ्रँकांचें होतें. म्हणजे समारंभाच्या पोषाखाहून अवघे शंभर फ्रँक अधिक!

आतां ही चिठ्ठी सुचली कोणाला? हौशी माथिल्डला नव्हे, तिच्या नवऱ्याला. ज्याला घरचें साधें मांसाचें कालवण पाहून आनंद होतो, जो समारंभांत मध्यरात्रींच एका कोपऱ्यांतील खोलींत जाऊन झोंपतो, अशा निर्मोही माणसानें ती सांगितली आणि तिनें ती लिहून काढली. तेव्हां केवळ हौसेच्या किल्लीनें हें कुलूप उघडत नाहीं. या दोघांच्या मनांत जी गोष्ट समान आहे ती हौस नसून भीति आहे. बदललेला हार परत करतांना मैत्रिणीनें पेटी उघडून पाहिली असती तर ती आपणांस चोर तर समजली नसती ना, हा विचार माथिल्डच्या मनांत येतो. कथेचा आशय आम्हांस येथें दिसतो. गरिबाच्या शब्दाला किंमत नाहीं हें तो स्वतःच गृहीत धरतो. म्हणून विचारण्यापूर्वींच तो भरपाई करून मोकळा होतो. आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत अब्रू हा शब्द ज्या अर्थानें उच्चारतात त्या अर्थाची ही कथा आहे. स्वतः मोपासाँनें प्रथम आरमारखात्यांत आणि नंतर शिक्षणखात्यांत कारकुनी केली होती. कारकुनाच्या घरांतील ही भीति त्याला अपरिचित असणें शक्य नव्हतें.

कथेचा शेवट म्हणजे वाचकाची केलेली फसवणूक, असा आक्षेप पुष्कळ वेळां घेतला जातो. तोहि तपासून पाहण्यासारखा आहे. हाराच्या पेटीवर ज्या जवाहिऱ्याचें नांव होतें त्याच्याकडे हीं दोघें चौकशीस जातात तेव्हां तो स्पष्ट सांगतो कीं हार आपण विकलेला नाहीं, पेटी तेवढी आपली असावी. हार एकाचा आणि पेटी दुसऱ्याची! लेखकानें सत्य आपल्या हातावर ठेवलेलें आहे. तें आपण पाहिलें नाहीं, आणि ल्वाझेल दांपत्यानेंहि पाहिलें नाहीं, कारण घाबरलेला माणूस चौकशी करीत नसतो, धांवत असतो. एक उणेपणा मात्र आम्ही लपवीत नाहीं. दहा वर्षांत एकदांहि खऱ्या-खोट्या हिऱ्यांतला फरक कोणाच्याच ध्यानांत येऊं नये, हा योगायोग थोडा सोयीचा आहे. परंतु त्या दहा वर्षांचें वर्णन आठवा. नाजूक हातांनीं भांडीं घासणारी, पाणी वाहणारी, बाजारांत पैपैसाठीं घासाघीस करणारी माथिल्ड. आणि रात्रीं जागून पानामागें पांच सू या दरानें नकला करणारा तिचा नवरा. कर्ज फिटल्यावर मैत्रीण भेटते तेव्हां आपला हार तिला ओळखूं आला नाहीं याचा माथिल्डला भोळा अभिमान वाटतो. दिवास्वप्नें पाहणारी बाई या वाटेनें कर्ती झाली आहे. ज्यानें हौसेचें फळ म्हणून पुस्तक मिटलें, त्याला ही दुसरी माथिल्ड भेटलीच नाहीं.

चेकॉव्हची 'तोस्का' १८८६ सालची. या रशियन शब्दांत दुःख, एकाकीपणा आणि जिवाची तगमग हीं सारीं एकवटलीं आहेत; म्हणून आम्ही तो तसाच ठेवतों. या कथेला कथानक नाहीं असें म्हणणारे वाचक आम्हांस भेटले आहेत. इओना हा पीटर्सबर्गमधील एक म्हातारा गाडीवान. त्याचा मुलगा याच आठवड्यांत वारला. बर्फ पडत असतांना तो गाडी घेऊन उभा आहे आणि येईल त्या उतारूला आपलें दुःख सांगूं पाहत आहे. कोणी ऐकत नाहीं. रात्रीं तबेल्यांत तो आपल्या घोडीलाच सर्व सांगतो. घटना म्हणाल तर एवढीच.

पण बारकाईनें पाहतां या पुनरावृत्तीला एक उतरती पायरी आहे. पहिला उतारू लष्करी अधिकारी. तो निदान मुलगा कशानें वारला एवढें विचारतो, आणि मग डोळे मिटून घेतो. नंतर तीन छचोर तरुण येतात. त्यांच्यांतील कुबडा, मरण कोणास चुकलें आहे अशा अर्थाचें कांहीं तरी बोलून लगेच गाडी पिटाळण्याची घाई करतो. त्यानंतर एक दरवान. तो त्याला तेथून हुसकावून देतो. शेवटीं मुक्कामावरचा एक तरुण गाडीवान, म्हणजे त्याच्याच धंद्यांतला, त्याच्याच स्थितींतला माणूस. त्याला इओना बातमी सांगतो तोंवर तो पांघरूण ओढून झोंपलेला असतो. वर्गाचें अंतर कमी होत जातें तरी ऐकणारा मिळत नाहीं. केवळ धनिकांची निष्ठुरता दाखविणारी कथा असती तर ही शेवटची पायरी लागली नसती.

त्या कुबड्याच्या उद्गारावर आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. तो जें बोलतो तें खोटें नाहीं. उलट संतवचनांत शोभेल इतकें खरें आहे. पण इओनाला तें नको आहे. मुलगा आजारी कसा पडला, मरण्यापूर्वीं काय बोलला, दफन कसें झालें, त्याचे कपडे आणण्यासाठीं आपण रुग्णालयांत कसे गेलों, हें सारें त्याला क्रमानें आणि सावकाश सांगावयाचें आहे. त्याच्यापाशीं कथा आहे, आणि लोक त्याला तात्पर्य देऊन वाटेस लावीत आहेत! तात्पर्य सांगणें हा न ऐकण्याचा सभ्य प्रकार होऊं शकतो, हें आम्हांस या एका प्रसंगानें जितकें पटलें तितकें कोणत्याहि टीकाशास्त्रानें पटलें नव्हतें. माथिल्डला हौसेचें फळ मिळालें असें म्हणणारा वाचक आणि हा कुबडा उतारू एकाच गाडींत बसलेले आहेत.

ऐकणारा माणूस कसा असतो हें पाहावयाचें असल्यास 'काबुलीवाला' वाचावी. १८९२ सालीं 'साधना' मासिकांत प्रसिद्ध झालेल्या या कथेचा निवेदक स्वतः लेखक आहे. प्रारंभीं तो कादंबरीचें एक रोमहर्षक प्रकरण लिहीत बसला आहे. नायक नायिकेसह बंदिखान्याच्या खिडकींतून उडी घेण्याच्या बेतांत आहे! अशा वेळीं त्याची पांच वर्षांची मिनी खिडकींतून काबुलीवाल्याला हांक मारते. खरी कथा रस्त्यानें चालली आहे आणि लेखक खोट्या कथेंत गुंतला आहे, ही या रचनेंतील गोड थट्टा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

रहमत मेवा विकतो, मिनीशीं त्याची गट्टी जमते. एका गिऱ्हाइकानें रामपुरी चादरीचें देणें साफ नाकारल्यावरून भांडण होतें, रहमत सुरा चालवितो आणि तुरुंगांत जातो. येथेंहि शब्दाला किंमत नसलेला एक परका माणूस आहे हें लक्षांत घेण्याजोगें आहे. फरक इतकाच कीं ल्वाझेल दांपत्य निमूटपणें भरपाई करतें आणि रहमतचा हात सुऱ्याकडे जातो. वर्षें लोटतात. मिनीच्या लग्नाच्या दिवशींच तो सुटून दाराशीं उभा राहतो. घरांत मंगलकार्य आहे, आज ये म्हणूं नकोस, असें निवेदक त्याला सांगतो. म्हणजे तोहि प्रथम इतरांसारखाच एक उतारू आहे. मग रहमत छातीशीं जपलेला कागद काढतो. त्यावर काजळीनें उमटविलेला त्याच्या लहान मुलीच्या हाताचा ठसा असतो. तो पाहतांच आपणहि बाप आहों आणि समोरचाहि बापच आहे, हें निवेदकाला उमगतें; अंतःपुरांतील आक्षेप न जुमानतां तो नवरीच्या वेषांतील मिनीला बाहेर बोलावतो. तिला पाहून रहमतला कळून चुकतें कीं आपली मुलगीहि आतां अशीच मोठी झाली असेल, तिच्याशींहि नव्यानें ओळख करावी लागेल.

या कथेवर आमचा एक आक्षेप आहे. शेवटीं आपल्या मनांत काय आलें तें निवेदक स्वतःच थोडें अधिक स्पष्ट करून सांगतो. चेकॉव्हनें तें सांगितलें नसतें. परंतु रवींद्रनाथांनीं त्या भावनेला व्यवहारांत उतरविलें आहे, म्हणून ती पोकळ वाटत नाहीं. रहमतला मायदेशीं जाण्यासाठीं निवेदक पैसे देतो आणि तेवढ्यासाठीं लग्नांतील विजेचे दिवे व इंग्रजी बँड रद्द करतो. घरांतील बायकांना तें रुचत नाहीं. करुणेचा खर्च कोठल्या सदरांतून झाला हें लेखकानें जमाखर्चासह नोंदविलें, आणि त्या नोंदींत स्वभाव, कथानक आणि आशय हीं तिन्ही एकाच जागीं आलीं.

आमच्या मराठींतहि १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांत हरिभाऊ आपटे यांच्या स्फुट गोष्टी येऊं लागल्या, तो काळ हाच. पुढें १९३१ सालच्या 'प्रतिभासाधन' या ग्रंथानें ना. सी. फडके यांनीं तंत्राचा आग्रह धरला. १९४५ च्या सुमारास नवकथेनें तो आग्रह झुगारून दिला. या वादांत रेखीव कथानक असावें कीं नसावें याचा पुष्कळ ऊहापोह झाला. वरील कथा पाहतां तो प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. मोपासाँची कथा कथानकानें गच्च भरलेली आहे, चेकॉव्हची जवळजवळ रिकामी. तरी दोन्ही उत्तम आहेत. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या माणसाला दुसरें काय करतां आलें असतें, आणि तें त्यानें कां केलें नाहीं? माथिल्डच्या बाबतींत याचें उत्तर चिठ्ठींत आहे, निवेदकाच्या बाबतींत त्या कागदावरील ठशांत. इओनाला करण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. तेथें प्रश्न त्याला विचारावयाचा नसून त्याच्या उतारूंना विचारावयाचा आहे. हें उत्तर शोधूं लागलें कीं पात्र, कथानक आणि आशय यांचीं स्वतंत्र सदरें पाडण्याचें कारणच राहत नाहीं.

तात्पर्य मुळींच काढूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तें सवडीनें काढावें. माणसाचें सांगून संपल्यावर काढावें. इओनाची घोडी चारा चघळीत उभी राहते, ऐकते, आणि धन्याच्या हातावर श्वास सोडते. मधें कांहीं बोलत नाहीं. मोठमोठ्या लेखकांनीं आपल्या पदरीं टाकलेल्या माणसांसाठीं वाचकानें निदान एवढें तरी करावें.