पोस्टरातले वेरूळ आणि तळ्याचे पाणी

रेल्वेची जुनी पोस्टर्स आता कलावस्तू झाली आहेत. १९२०-३०च्या दशकांत भारतीय रेल्वेने परदेशी प्रवाशांसाठी काढलेली ताजमहालाची, काशीच्या घाटांची, हिमालयाची चित्रे आज लिलावात मानाने मांडली जातात. त्यांच्या रंगरेषांवर कौतुकाने लिहिले जाते. नांदेडात बसून ती पाहताना मला एकच प्रश्न पडतो : हे निमंत्रण कोणाला होते?

पोस्टरांची भाषा इंग्रजी, पाहुणा पैसेवाला. प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग मात्र तिसऱ्या वर्गाच्या गर्दीतून येई. ती गर्दी चित्रात नाही.

आपल्या भागापुरते बोलू. हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग १८९९-१९००च्या दुष्काळाच्या सुमारास नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादवरून पुरा झाला. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातुरात पोचली. तिकीट काढले की डब्यात बसता येई. हे लहान नव्हते. पण खरी परीक्षा उतरल्यावर होती. लातूरचा अस्पृश्य माणूस कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूरला जाऊ शके. विठ्ठलाचे दार मात्र त्याला १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, बंद होते.

निजामाच्या रेल्वेने अजिंठा-वेरूळची वाट प्रवाशांना दाखवली. १९३२ पासून मोटारबसही चालवल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ साली, बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी तळ्याच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. तळे बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहू दिला. पण आत पाण्याला हात लागू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त लिहून ठेवले आहे.

हे शीर्षकच पोस्टरांवरची खरी समीक्षा आहे. परदेशी माणसाला ‘या’ म्हणणारा देश इथल्याच माणसाला परवान्यासाठी ताटकळत ठेवत होता.

पोस्टरांची रेषा सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या सौंदर्यासाठी तळ्याकाठचा जमाव चित्राबाहेर ठेवावा लागला. म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे आहे : वर्गात पोस्टर लावाल तेव्हा दौलताबादची ती पाने शेजारी ठेवा, आणि चित्रात कोण नाही, हे मुलांना विचारा.