शोधनिबंधाची सिद्धता : बाबासाहेबांच्या दोन निबंधांच्या निमित्ताने

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनातील विचारांची चर्चा आपल्याकडे विपुल झाली आहे. परंतु तो विचार शोधनिबंधाच्या रूपाने विद्वत्सभेपुढे कसा मांडला गेला, याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले. प्रबंधांतून बाबासाहेबांची अवतरणे ठिकठिकाणी आढळतात. त्यांची पद्धती मात्र क्वचितच आढळते. शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवावयाचा निबंध सिद्ध कसा करावा, हा प्रश्न आज आपल्या अनेक तरुण संशोधकांपुढे उभा आहे. त्या दृष्टीने त्यांच्या विद्यार्थिदशेतील व तिच्या लगतच्या काळातील दोन निबंधांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला निबंध ‘कास्ट्स इन इंडिया’. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी तो वाचला गेला आणि मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. निबंध वाचला तेव्हा लेखकाचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. दुसरा निबंध ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’. तो १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात हे दोन्ही निबंध असल्याने ते आज कोणालाही पडताळून पाहता येतात.

या दोन्ही निबंधांचा कणा एकच आहे : व्याख्येची परीक्षा. जातिविषयक निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या लेखक प्रथम मांडतो आणि मग एकेक तपासतो. सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेवर भर दिला. ते जातीचे मूळ लक्षण ठरत नाही. नेसफील्ड यांनी रोटीबंदीला महत्त्व दिले. तेथे परिणामालाच कारण समजण्याची चूक झाली आहे. केतकरांची व्याख्या लेखकाला इतरांपेक्षा सरस वाटते व तसे तो मोकळेपणाने नोंदवतो. परंतु बेटीबंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व ही केतकरांची दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही तो दाखवून देतो. जात ही सुटी वस्तू नसून एका व्यवस्थेचा घटक आहे, ही त्याची हरकत मात्र केतकर सोडून इतर तिघांना लागू पडते. या छाननीतून अंतर्विवाह हे एकमेव लक्षण शिल्लक राहते.

पूर्वसूरींचा परामर्श म्हणजे काय, ते येथे शिकावे. आज अनेक निबंधांत ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी नामावली असते आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे त्या नामावलीशी कोणतेही नाते न सांगता पुढे येते. बाबासाहेबांच्या निबंधात मात्र पूर्वीच्या विद्वानांचे अपुरेपण हाच नव्या सिद्धांताचा पाया आहे. तो परामर्श काढून टाकला तर निबंध उभाच राहणार नाही.

सिद्धांत मांडल्यावर लेखक त्याची कसोटीही सुचवतो. जात एका वर्गात सुरू झाली आणि अनुकरणाने पसरली, असे त्याचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तो गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतो. ज्याचे अनुकरण होते त्याला प्रतिष्ठा हवी, आणि अंतर जितके कमी तितके अनुकरण अधिक. हे खरे असेल तर ब्राह्मणांच्या निकटच्या जातींत सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी दिसल्या पाहिजेत. अंतर वाढेल तशा त्या कमी होत गेल्या पाहिजेत. गृहीतकातून निष्कर्ष काढणे व तो वस्तुस्थितीशी ताडून पाहणे, ही शास्त्रीय रीत हीच होय.

तथापि येथेच या निबंधाचे उणेपण जाणवते. कोणत्या जातीत कोणती रूढी किती प्रमाणात आहे, याची नावनिशीवार नोंद निबंधात नाही. १९११ च्या जनगणनेचे अहवाल तेव्हा उपलब्ध होते. आजचा परीक्षक हा निबंध ‘पुराव्याची जोड द्या’ असा शेरा मारून परत पाठवील, आणि तो शेरा अन्यायाचा ठरणार नाही. शिवाय चर्चासत्रात शोभणारी, प्रदर्शने आणि पाँपेईचे अवशेष यांचा उल्लेख करणारी प्रस्तावना छापील रूपातही तशीच राहिली आहे. श्रोत्यांना ती रमवते. नियतकालिकाच्या वाचकाला मात्र मूळ प्रश्नापर्यंत पोहोचण्यास ती थोडी थांबवते.

दुसऱ्या निबंधात ही दोन्ही न्यूने बऱ्याच अंशी दूर झालेली दिसतात. शेतजमिनीचे तुकडे लहान आणि विखुरलेले आहेत, ही तक्रार त्या काळी सर्वत्र होती. बाबासाहेब प्रथम प्रश्नाचीच फोड करतात : विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण हा एक प्रश्न आणि धारणक्षेत्राचा विस्तार हा दुसरा. मग ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ या संज्ञेकडे ते वळतात. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांनी, ज्या जमिनीवर कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी होतो ते क्षेत्र किफायतशीर, अशी व्याख्या केली होती. ही व्याख्या उपभोगाच्या अंगाने केलेली आहे. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय असल्याने ती उत्पादनाच्या अंगाने व्हावयास हवी, असा बाबासाहेबांचा आक्षेप आहे. जमीन लहान की मोठी, हे तिच्यावर राबणारे श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. या एका दुरुस्तीने सारा प्रश्न पालटतो. आकडेवारीच्या आधारे ते जमिनीवरील लोकसंख्येच्या भाराकडे व भांडवलाच्या तुटवड्याकडे वळतात आणि अखेर उद्योगीकरण हा उपाय सुचवतात. हे उद्योगीकरण कसे घडवावे, याचा तपशील मात्र तेथे अल्प आहे.

पहिल्या निबंधाच्या शेवटी लेखकाने आपले मत अंतिम नसून चर्चेतील एक भर आहे, असे नम्रपणे म्हटले आहे. ही नम्रता उपचाराची नव्हे. आपल्या सिद्धांताची मर्यादा स्वतःच सांगणे हा शोधनिबंधाचा आवश्यक भाग आहे, आणि आपल्याकडील निबंधांत नेमका हाच भाग बहुधा गाळला जातो.

या विवेचनाला आज एक कठोर संदर्भ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध होणे सक्तीचे केले. पैसे घेऊन, परीक्षणावाचून छापणाऱ्या नियतकालिकांना या सक्तीने मोठी बाजारपेठ मिळाली. २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. प्रकाशनाची सक्ती २०२२ च्या नियमावलीने उठवली असली, तरी नेमणुका व बढत्यांसाठी छापील निबंधांची मोजदाद थांबलेली नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेतून हजारो रुपये भरून निबंध छापून घेणारा विद्यार्थी पुष्कळदा घराण्यातील पहिलाच पदवीधर असतो. पैसा जातो, आणि पुढे ते नियतकालिक बनावट ठरले म्हणजे त्याचे खरे श्रमही संशयास्पद होतात.

म्हणून हस्तलिखित पाठविण्यापूर्वी संशोधकाने काही गोष्टी स्वतःशी तपासाव्यात. माझा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो काय? पूर्वीच्या अभ्यासकांचे म्हणणे मी त्यांच्यावर अन्याय न करता मांडले आहे काय? माझा सिद्धांत चुकीचा ठरायचा तर कोणत्या पुराव्याने ठरेल, हे मी सांगितले आहे काय? नियतकालिकाचे संपादक मंडळ खरे आहे काय, आणि तेथे परीक्षण खरोखर होते काय? आयएसएसएन क्रमांक ही केवळ ओळख आहे, दर्जाची ग्वाही नव्हे. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. परीक्षकाची प्रतिकूल टिप्पणी हा अपमान समजू नये; तिचे मुद्देवार उत्तर द्यावे.

बाबासाहेबांनी मोठमोठ्या विद्वानांच्या व्याख्या तपासल्या, त्या त्यांच्या पदाकडे पाहून स्वीकारल्या नाहीत किंवा नाकारल्याही नाहीत. तीच कसोटी आपण त्यांच्या निबंधांना लावली, तर त्यात अनादर नाही. आणि तीच आपल्या लेखनाला लावली, तर ते छापण्यासाठी कोणाला पैसे मोजण्याची वेळ सहसा येणार नाही.