हीमॉन आणि विकर्ण

महाकथांतील दुय्यम राजपुत्रांकडे आपल्या समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. तथापि राजसभेत सत्य बोलण्याचे काम कवी पुष्कळदा अशाच पात्रावर सोपवितो, असे आम्हांस वाटते.

थीब्जचा राजा क्रेऑन याचा पुत्र हीमॉन हा असाच एक. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या ग्रंथात तो स्फिंक्सचा बळी होतो; एवढेच त्याचे चरित्र. सोफोक्लीजने मात्र इ. स. पूर्व ४४१ च्या सुमारास रचिलेल्या 'अँटिगनी' नाटकात त्याला जिवंत ठेवून वाणी दिली. भावाच्या प्रेताला माती दिल्याबद्दल त्याच्या वाग्दत्त वधूस, अँटिगनीस, देहान्ताची शिक्षा होते. तेव्हा हीमॉन पित्याचा मान राखून, नगरजन भीतीने जे कुजबुजतात ते राजापुढे मांडतो.

कुरुसभेत विकर्णाने हेच केले. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म म्हणून निर्णय टाळला होता, द्रोण गप्प होते. तेव्हा दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उभा राहिला. द्यूताच्या व्यसनात केलेले कृत्य ग्राह्य नव्हे. द्रौपदी पाचांची पत्नी. युधिष्ठिर आधीच स्वतःस हरलेला. म्हणून ती जिंकली गेलेली नाही, असा त्याचा निःसंदिग्ध युक्तिवाद. सभासदांनी त्याची मोठ्याने वाहवा केली आणि ते स्वस्थ बसले. कर्णाने त्यास पोर ठरवून द्रौपदीची वस्त्रे हिरावून घेण्यास दुःशासनास सांगितले. क्रेऑननेही पुत्राचे वयच काढले होते.

येथून दोघांच्या वाटा फुटतात. हीमॉन पित्यास सोडून जातो व अँटिगनीच्या शवापाशी प्राण देतो. विकर्ण दुर्योधनाच्याच सेनेत लढतो. द्रोणपर्वात तो भीमाच्या हातून पडतो, आणि मारणारा भीमच त्याच्यासाठी हळहळतो. हीमॉनच्या बोलण्यात प्रेमाचा अंश आहे, विकर्णाचे बोलणे निखळ न्यायाचे आहे. शब्द विकर्णाचा अधिक निःस्वार्थ. शब्दामागे जाण्याचे धैर्य मात्र हीमॉनचे.

'मृत्युंजय' (१९६७) व 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्णाचे दुःख मराठी वाचकाच्या हृदयी नेले. ते दुःख खरे आहे. परंतु सिल्वासा येथील आमच्या वर्गांत मराठी, गुजराती व वारली बोलणारी मुले शेजारी बसतात. त्या साऱ्यांस कर्ण ठाऊक, आणि कर्णाने ज्याचे तोंड बंद केले तो विकर्ण क्वचितच कोणास. शिक्षकाने त्याची कथा अवश्य सांगावी. त्याचा गौरव करून थांबू मात्र नये. वाहवा करून स्वस्थ बसलेल्या त्या सभासदांविषयीही मुलांस विचारावे.