गिलबो समितीचा अहवाल आणि ‘परवडणे’ या शब्दाची व्याप्ती

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या खर्चाविषयीचा गिलबो समितीचा अहवाल जानेवारी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवालाची भाषा शांत आहे. त्याची पार्श्वभूमी मात्र तशी नव्हती. जुलै १९४८ मध्ये सुरू झालेल्या सेवेने खर्चाचे मूळ अंदाज आरंभीच ओलांडले. दातांच्या कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविण्याच्या प्रश्नावरून सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. १९५३ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा ‘ही सेवा परवडते काय?’ या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर अनेकांनी गृहीतच धरले होते.

ते उत्तर समितीने दिले नाही. ब्रायन एबल-स्मिथ व रिचर्ड टिटमस यांनी तिच्यासाठी केलेल्या हिशेबात सेवेचा चालू खर्च राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिला आहे. १९४९-५० मध्ये शेकडा ३.७५ असलेले हे प्रमाण १९५३-५४ मध्ये शेकडा ३.२५ वर उतरले होते. पौंडांत दिसणारी वाढ बहुतांशी किंमतवाढीची होती. उधळपट्टीचा आरोप येथे निकालात निघतो, आणि तोही प्रचारकी शब्द न वापरता. आल्फ्रेड मार्शल यांच्या भाच्याच्या अध्यक्षतेखालील समितीला हे शोभण्यासारखेच होते.

परंतु हे प्रमाण चालू खर्चाचे आहे. इमारतींचा खर्च त्यात येत नाही. रुग्णालयांपैकी शेकडा ४५ मूळची १८९१ पूर्वीची होती, आणि त्यांवरील भांडवली खर्च युद्धपूर्व पातळीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आला होता. समितीला ही उपासमार दिसली. भांडवली खर्च वर्षाला तीन कोटी पौंडांपर्यंत वाढवावा, असे तिने सुचविलेही. मात्र सेवेला निर्दोष ठरविणारा आकडा आणि तिची झीज दाखविणारा आकडा यांची सांगड तिने पुरेशी घातली नाही. पुढे ढकललेला खर्च म्हणजे वाचलेला खर्च नव्हे. १९६२ ची रुग्णालय-योजना हे त्या थकबाकीचेच बिल होते.

याहून मूलगामी उणीव व्याख्येची. ‘पुरेशी सेवा’ मोजण्याचे वस्तुनिष्ठ माप नाही, ही समितीची कबुली प्रामाणिक आहे. पण तिचा परिणाम असा की सेवेची मर्यादा गरजेवरून न ठरता अर्थखात्याच्या मर्जीवर सोपविली गेली. भारतातील भोर समितीने १९४६ मध्ये निराळ्या टोकापासून आरंभ केला होता : पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये. तेथे दारिद्र्य हे सेवेचे कारण आहे, सबब नव्हे. अर्थात त्या सूत्राला पुढे पुरेसा पैसा मिळाला नाही, हेही खरेच.

शुल्काचा प्रश्न अहवालानंतरही मिटला नाही. औषधांच्या चिठ्ठीवर १९५२ मध्ये आलेले शुल्क १९६५ मध्ये रद्द झाले आणि १९६८ मध्ये परत आले. दोन्ही वेळा पंतप्रधान हॅरल्ड विल्सन होते. १९५१ मध्ये बेव्हन यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्यांत तेही होते.