पर्यटनस्थळ म्हणून दुब्रोव्हनिक : इतिहासाची निवड आणि विस्मरण

प्रस्तावना :
इतिहास आणि सागरकिनारा या दोन्ही बाबतींत क्रोएशिया हा समृद्ध देश होय. तेथील दुब्रोव्हनिक हे तटबंदीयुक्त नगर १९७९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पर्यटनविषयक साहित्यात त्याचे वर्णन ‘एड्रियाटिकचा मोती’ असे केले जाते. मोती शोभेसाठी असतो. त्याला कोणी भूतकाळ विचारीत नाही. या विशेषणाची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विवेचन :
तटाबाहेरील लोव्रियेनात्स किल्ल्याच्या प्रवेशद्वारावर, जगातील सर्व सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे योग्य नव्हे, अशा आशयाचा लॅटिन लेख आहे. पर्यटक तो आदराने पाहतो. परंतु राग्युसा या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रजासत्ताकाने ऑटोमन सुलतानाला दरवर्षी १२,५०० सुवर्णमुद्रांची खंडणी देऊनच आपली स्वायत्तता व व्यापार टिकविला. १८०८ साली फ्रेंचांनी ते विसर्जित केले. लेख आणि खंडणी एकत्र वाचल्याशिवाय या नगराचा व्यवहारी स्वभाव उमगत नाही. आज मात्र हा किल्ला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११ ते २०१९) या मालिकेतील राजवाडा म्हणून अधिक परिचित आहे.

याच नगराने १३७७ साली साथग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा कायदा केला. कोविडच्या अनुभवानंतर हा वारसा आपल्याला अधिक जवळचा वाटावयास हवा. तरीही छायाचित्रांत प्राधान्य मिळते ते लाल कौलांना. त्यांपैकी अनेक कौले नवी आहेत, कारण ६ डिसेंबर १९९१ रोजी जुन्या नगरावर तोफांचा भडिमार झाला होता. वेशीजवळ त्या हानीचा नकाशा लावलेला आहे. म्हणजे नगराने ही आठवण लपविलेली नाही. पाहणाऱ्याची दृष्टीच तिला वगळते.

या दृष्टीची किंमत रहिवासी मोजतात. घरे पर्यटकांच्या निवासासाठी वापरली जाऊ लागली आणि तटाच्या आतील वस्ती घटत गेली. २०१९ पासून एका वेळी दोनच प्रवासी जहाजांना व सुमारे चार हजार प्रवाशांनाच मुभा देण्याचे धोरण नगराला स्वीकारावे लागले.

निष्कर्ष :
पर्यटन इतिहास नष्ट करीत नाही, ते त्याची निवड करते, असे यावरून म्हणता येईल. म्हणून संख्येवरील नियंत्रण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. पर्यटनविषयक लेखनानेही सौंदर्याबरोबर खंडणी, साथ आणि युद्ध यांची नोंद घेतली पाहिजे. अन्यथा तट उभा राहील. पण ज्यांच्यासाठी तो बांधला, ती माणसे आत नसतील.