पडद्यावर उतरलेले यान

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरला. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर हे प्रक्षेपण एका वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी चालू होते. पंतप्रधान जोहान्सबर्गहून पडद्यावरूनच त्यात सामील झाले. अनेक शाळांनी मुलांना मुद्दाम थांबवून घेतले होते. माणसे विखुरलेली, घटना पावणेचार लाख किलोमीटरांवर, आणि तरीही कार्यक्रम नेटका दिसला. त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण मुलांनी त्या संध्याकाळी नेमके काय पाहिले, हे शिक्षकांनी विचारायला हवे.

सोनेरी आवरणाचे यान हळूहळू खाली येताना बाहेरून टिपणारा कॅमेरा तिथे नव्हताच. ते संगणकाने काढलेले हलते चित्र होते. यानाकडून येत होती ती आकडेवारी: उंची, आडवा वेग, उभा वेग. त्यावरून वक्ररेषेवर एक ठिपका सरकत होता. संदेश चंद्रावरून पृथ्वीवर यायला सुमारे १.३ सेकंद लागतात, म्हणजे ‘थेट’ हा शब्दही जरा सैलच.

हलते चित्र वाईट असे मला म्हणायचे नाही. ते कशावर चालते, हा खरा प्रश्न आहे. १९६९ साली अपोलो-११ उतरत असताना अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने आधीच ठरलेल्या वेळापत्रकावर बेतलेली प्रतिकृती दाखवली. आर्मस्ट्राँग खडकाळ जागा टाळत पुढे गेले, वेळ लांबला, आणि पडद्यावरचे यान खऱ्या यानाच्या आधीच चंद्रावर टेकले! आकडेवारीशी न बांधलेले चित्र असेच असते. यान कोसळले तरी ते अलगद उतरेल.

याउलट ७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवा. चांद्रयान-२ च्या वेळी पडद्यावर एक साधी रेघ होती आणि तिच्यावरून जाणारा हिरवा ठिपका. दिसायला अगदीच रूक्ष. सुमारे दोन किलोमीटर उंचीजवळ ठिपका रेघ सोडून गेला, आणि अधिकृत घोषणा होण्यापूर्वीच पाहणाऱ्यांना कळले की काहीतरी बिघडले आहे. माझ्या मते दोन्ही मोहिमांच्या प्रक्षेपणांतले सर्वांत चांगले चित्र ते. मार्केट यार्डात मालाची गाडी वजनकाट्यावर चढते तेव्हा तोलणाऱ्यासमोर फक्त आकडा उमटतो. तिथे गाडीचे रंगीत चित्र कोणी मागत नाही.

तरी आलेखही फसवतो. चांद्रयान-३ ने उतरणे सुरू केले तेव्हा ते ३० किलोमीटर उंचीवर होते, आणि उतरण्याची जागा सुमारे ७४५ किलोमीटर पुढे. हे पडद्यावर मावायचे तर दोन अक्षांची मापे वेगळी घ्यावीच लागतात. मग रेघ डोंगरउतारासारखी तिरपी दिसते आणि यान वरून खाली पडत आहे असे मुलांना वाटते. खरा उतार पंचविसास एक इतका. मार्केट यार्डापासून बंगळूरु सरळ रेषेत जवळपास तेवढेच, सुमारे ७३५ किलोमीटर आहे. म्हणजे बंगळूरुच्या माथ्यावर ३० किलोमीटर उंचीवरून निघून मार्केट यार्डातल्या एखाद्या मोकळ्या जागेत उतरायचे! पहिला टप्पा संपला तेव्हा ३२ किलोमीटर उरले होते, जेजुरीपेक्षा थोडे अलीकडे. उंची मात्र अजून साडेसात किलोमीटरांच्या घरात. शेवटी १५० मीटरांवर यान थबकले आणि खाली दगड-खड्डा नाही ना हे पाहून मगच खाली आले.

हे फळ्यावर काढून पाहावे. एका किलोमीटरला दोन मिलिमीटर धरले तर रेघ दीड मीटर लांब आणि उंची अवघी सहा सेंटिमीटर. वरच्या वर्गांना पुढचे गणितही देता येईल. पहिल्या ६९० सेकंदांत आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटरवरून ०.३५८ किलोमीटरवर आला. सरासरी १.०२, गुणिले ६९० म्हणजे सुमारे ७०३ किलोमीटर. इस्रोचा आकडा सुमारे ७१३. हा फरक का पडला असेल, यावर वर्गात चांगली चर्चा होते. वेग सारख्या दराने कमी झाला असे आपण गृहीत धरले होते.

आता आपल्या शाळांकडे वळू. कोविडच्या काळापासून ऑनलाइन विज्ञान प्रदर्शने, व्याख्याने रुळली. त्यांत फिरणारी पृथ्वी, उडत येणारी शीर्षके, पाठीमागे लुकलुकणाऱ्या आकाशगंगा हमखास असतात. तयार साचे फुकट मिळतात, म्हणून ते वापरले जातात. वक्त्याचे नाव व विषय सांगणारी खालची पट्टी खरोखर उपयोगी. उशिरा आलेल्यालाही संदर्भ लागतो. पण मुलगी सांगत असते तिने महिनाभर नोंदवलेल्या पावसाविषयी, आणि तिच्या आलेखावर ढगांचे चित्र सरकत राहते. तिथे ढग काढून टाकावेत. जिथे घटना डोळ्यांना दिसूच शकत नाही, तिथे चित्र जरूर हलवावे, आणि ते काल्पनिक आहे की मोजमापांवर आधारलेले, हे कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहावे.

विक्रमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने उतरताना घेतलेली चित्रफीत इस्रोने दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, प्रसिद्ध केली. तिच्यात सोनेरी यान नाही, फक्त जवळ येत जाणारी करडी, विवरांनी भरलेली जमीन. आदल्या दिवशीच्या हलत्या चित्राशेजारी ती दाखवावी आणि दोहोंतले फरक मुलांनाच लिहायला सांगावे.