‘गीतारहस्य’ इंग्लंडात वाचताना

लंडनच्या मेडा व्हेल भागात हाउली प्लेस नावाचा रस्ता आहे. तेथील १० क्रमांकाच्या घरावर एक निळी पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये येथे राहत होते, असे ती सांगते आणि त्यांना देशभक्त व तत्त्वज्ञ म्हणते. यांपैकी देशभक्त टिळक आपल्या चांगल्या ओळखीचे. गणेशोत्सवात त्यांचे नाव दरवर्षी निघते. तत्त्वज्ञ टिळकांची वास्तपुस्त मात्र फारसे कोणी करत नाही. ‘गीतारहस्य’ आजोबांच्या कपाटात पाहिलेले असते, इतकेच.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पूर्ण नावाचा उत्तरार्ध आहे ‘अथवा कर्मयोगशास्त्र’, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. गीतेवरचे भाष्य म्हणून आपण याला नमस्कार करतो. पण त्याची सुरुवातीची प्रकरणे म्हणजे मराठीतला नीतिशास्त्राचा उत्तम परिचय आहे. इकडे ए-लेव्हलला रिलिजस स्टडीज घेणारी आपली मुले बेंथॅम, मिल आणि कांट यांच्याशी झटापट करतात. ही सगळी मंडळी टिळकांनी शंभरावर वर्षांपूर्वी मराठीत आणून बसवली आहेत.

मांडणीही कंटाळवाणी नाही. ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात टिळक व्याख्या देत बसत नाहीत, पेच समोर ठेवतात. अर्जुनाच्या शेजारी शेक्सपिअरचा हॅम्लेट आणि कोरिओलेनस येतात. दुष्काळात भुकेने व्याकूळ होऊन कुत्र्याचे मांस खायला निघालेला विश्वामित्र येतो. खोटे बोलणे कधी क्षम्य, यावर महाभारतासोबत सिज्विकसारख्या इंग्रज पंडितांचीही साक्ष निघते. मग ते या प्रश्नांकडे पाहण्याच्या तीन पद्धती सांगतात : आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक.

पुष्कळांचे पुष्कळ सुख ज्यात, ते कर्म योग्य, हा बेंथॅम-मिल यांचा पक्ष पहिल्या पद्धतीतला. मिल १८२३ ते १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याच इंग्रजी सत्तेच्या कोठडीत बसून टिळक त्याच्याशी वाद घालतात, तो मात्र सभ्यपणे आणि त्याचे म्हणणे नीट मांडून. त्यांचा आक्षेप मार्मिक आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य, पांडवांकडे सात. सुखाची बेरीज डोकी मोजून करायची, तर न्याय कोणाच्या बाजूला? पुढे ते सोनेरी मुंगसाची गोष्ट काढतात. गरीब ब्राह्मणाने उपाशी राहून दिलेले मूठभर सातू धर्मराजाच्या यज्ञापेक्षा श्रेष्ठ ठरतात, कारण मोल करणाऱ्याच्या बुद्धीचे आहे. येथे ते कांटच्या अगदी जवळ येतात. फरक एवढाच, की कांट शुद्ध विवेकाशी थांबतो आणि टिळक सर्वांभूती एकच आत्मा आहे येथपर्यंत जातात.

येथपर्यंत मी टिळकांबरोबर आहे. पुढे मात्र पाऊल अडखळते, आणि त्याला कारण आपले इकडचे जगणे आहे.

आई पुण्यात एकटी आहे. इकडे आपण चौघे : नोकऱ्या, मुलांची शाळा, घराचे हप्ते. बेंथॅमच्या हिशेबाने चौघांचे सुख एकीच्या सुखापेक्षा जड, प्रश्न मिटला. टिळक हा हिशेब मान्य करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण त्यांची कसोटी आपल्यासारख्यांच्या हाती आली की काय होते? ‘माझा हेतू शुद्ध आहे, दरमहा पैसे पाठवतो, दर रविवारी फोन करतो,’ असे म्हणून मन मोकळे होते. शुद्ध बुद्धीतून लोकांचे हितच होते, असे टिळक सांगतात. परंतु ते स्थितप्रज्ञाबद्दल खरे. आपली बुद्धी शुद्ध आहे की नाही, याचा निवाडा देणारे आपणच असतो, आणि स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश बसला की निकाल ठरलेला.

अशा वेळी मला टिळकांचे मित्र आणि प्रतिपक्षी गोपाळ गणेश आगरकर आठवतात. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेला हा माणूस रूढीबद्दल रोकडा प्रश्न विचारी : हिच्यामुळे प्रत्यक्ष कोणाला काय सोसावे लागते? १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली, कारण त्यांची नजर त्या मुलीवर होती. तीच नजर पुण्यातल्या आईकडे वळवली, तर प्रश्न माझ्या हेतूचा उरत नाही. रात्री तिला बरे वाटेनासे झाले तर दार कोण उघडणार, हा उरतो.

म्हणून मला वाटते, ‘गीतारहस्य’ वाचावेच, पण आगरकरांना शेजारी बसवून. डोकी मोजून धर्म ठरत नाही, हे टिळकांकडून शिकावे. आणि हेतू चांगला म्हणून दुसऱ्याचे दुःख कमी होत नाही, हे आगरकरांकडून. मुलांसाठी सुखठणकरांनी केलेले इंग्रजी भाषांतर आहे. परीक्षेला त्याचा उपयोग होईलच. पण त्यांनी वाचून आपल्याला विचारले, ‘मग आजीचे काय?’, तर उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.